साइटवर शब्द कोणाचा? कोकणात स्वतंत्र काम करणाऱ्या आर्किटेक्ट स्त्रियांसाठी

"मॅडम इंटिरिअर बघतील, स्लॅबचं आम्ही बघतो." रत्नागिरी-सिंधुदुर्गात नवी आर्किटेक्ट साइटवर गेली की हे वाक्य कानावर येतंच. आवाज चढवून ते बदलत नाही. अंतिम निर्णय कोणाचा, हे काम सुरू होण्याआधी कागदावर आलेलं असावं.

म्हणून पहिली रेघ ओढण्याआधी नेमणूक पत्र. त्यात कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरचा नोंदणी क्रमांक, कामाची व्याप्ती, साइटभेटींची संख्या आणि एक ठळक कलम: ठेकेदाराला सूचना आर्किटेक्टच देईल, मालकाचे बदलही तिच्यामार्फतच जातील. हे कलम नसलं की गणपतीला गावी आलेला चाकरमानी मिस्त्रीला परस्पर सांगून खिडकी हातभर सरकवतो. मग लिंटेलला, म्हणजे खिडकीवरच्या आडव्या तुळईला, टेकण कमी पडतं, भेग पडते आणि नाव तुमचं निघतं.

फीचे टप्पे साधारण असे ठेवा: नेमणुकीला १० टक्के, संकल्पना मान्य झाली की २०, मंजुरीच्या नकाशांना २५, कामाच्या नकाशांना २५ आणि उरलेले २० देखरेखीचे, हप्त्यांनी. पावसाळ्यात काम थांबतं. शेवटी मोठी रक्कम ठेवली तर तीही अडकते. "घरचीच आहेस" म्हणणाऱ्या नातेवाइकांसाठी पत्रात पूर्ण फी लिहा आणि सवलत तिच्याखाली दाखवा. फुकटच्या कामात देखरेखही फुकट धरली जाते, आणि नकाशाची किंमत तर मुळीच राहत नाही.

साइटवर कार्बनची वही ठेवा, तीन प्रतींची. तारीख, जागा, सूचना, मुदत आणि खाली मिस्त्रीची सही. व्हॉट्सॅपचा फोटो जोडीला चालेल, पण वाद झाला की कामाला येते ती वहीच.

खरी कसोटी स्लॅबच्या दिवशी. तपासणी आदल्या संध्याकाळी करा. सकाळी गँग उभी, मिक्सर सुरू, अशा वेळी "थांबा" म्हटलं की ठेकेदाराचे पैसे जातात आणि तो थेट मालकाला फोन लावतो. आदल्या संध्याकाळी तोच नकार स्वस्तात पडतो, आणि बहुधा मुकाट्याने मानलाही जातो. किनारी हवेत आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकानुसार काँक्रीट किमान एम ३० प्रतीचं, पाणी-सिमेंट गुणोत्तर जास्तीत जास्त ०.४५ आणि कव्हर, म्हणजे सळीवरचा काँक्रीटचा थर, ४५ मिमी लागतं. लाटांचे तुषार थेट येत असतील तर एम ३५ आणि ५० मिमी. प्रत्यक्षात सळ्यांखाली २० मिमीचे ठोकळे किंवा चिऱ्याची खपली सापडते. खारट हवेने सळी गंजून फुगते आणि स्लॅबचं खालचं काँक्रीट सुटू लागतं. ठोकळे मोजपट्टीने तपासा, आकडा वहीत लिहा. पाणी मारणं साध्या सिमेंटला किमान ७ दिवस, पीपीसीला (राख वगैरे मिसळलेल्या सिमेंटला) १०. कोण मारणार, त्याचं नावही लिहा.

जून ते सप्टेंबर हे महिने मंजुऱ्या आणि नकाशांचे. याच काळात वेगळी फी घेऊन 'जागा घेण्याआधीचा अहवाल' देता येतो. २०१९ च्या सीआरझेड (किनारा नियमन क्षेत्र) अधिसूचनेत दाट वस्तीच्या ग्रामीण किनाऱ्याला (३-अ) भरतीरेषेपासून ५० मीटर आणि विरळ वस्तीला (३-ब) २०० मीटर ना-विकास पट्टा आहे. मात्र आपला सर्व्हे नंबर मंजूर किनारा आराखड्यावर कुठे बसतो, ते पाहिल्याशिवाय आकडा बोलू नका. हे आधी सांगणारी आर्किटेक्ट सल्लागार ठरते, नुसती नकाशे काढणारी राहत नाही.

हाताखाली माणसं आली की बैठकीत प्रश्न कनिष्ठ मुलाकडे वळतात. त्याला आधीच सांगून ठेवा: उत्तर "मॅडमना विचारा" एवढंच. मुलींना मात्र पूर्ण भाग सोपवा, उदाहरणार्थ जोत्यापासून लिंटेलपर्यंत, सूचनावहीवर त्यांच्याच सहीने. संगणकावर रेंडरिंगची चित्रं करत बसलेली मुलगी साइट शिकत नाही. कार्यालयात दहा किंवा जास्त माणसं असतील तर कामाच्या जागी लैंगिक छळ रोखणाऱ्या २०१३ च्या कायद्याने अंतर्गत समिती बंधनकारक आहे. त्याहून कमी असतील तर तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे. साइटही कामाची जागाच धरली जाते. आतून कडी लागणारं, पाणी असलेलं शौचालय ठेक्यात स्वतंत्र बाब म्हणून घाला आणि जोत्याचं बिल ते उभं राहिल्यावरच पास करा.