किंमत कोणती धरायची? : अमेरिकेतील सरकारी औषधखरेदीचा अभ्यास करताना

पुण्यात औषधनिर्माणशास्त्राची पदवी घेऊन मी सार्वजनिक आरोग्याच्या शिक्षणासाठी अमेरिकेत आलो आणि पुढे औषधांच्या किमतींच्या विश्लेषणाचे काम पत्करले, तेव्हा गोळ्यांच्या स्ट्रिपवर छापलेली एमआरपी हीच किंमत, ही समजूत माझ्या डोक्यात पक्की होती. इथे तशी छापील किंमत नसते, आणि एकच गोळी एकाच वर्षी एकाच देशाचे सरकार निरनिराळ्या योजनांतून निरनिराळ्या भावाने घेते, हे पचायला मला वेळ लागला. अमेरिकी काँग्रेसच्या अर्थसंकल्प कार्यालयाने २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, मोठ्या खपाच्या १७६ ब्रँडेड औषधांसाठी २०१७ साली एका महिन्याच्या औषधाची सरासरी निव्वळ किंमत, म्हणजे सवलती वजा जाता उरलेली रक्कम, गरिबांसाठीच्या मेडिकेड योजनेला ११८ डॉलर पडली, तर वृद्धांसाठीच्या मेडिकेअरच्या औषधविम्याला, म्हणजे पार्ट डीला, ३४३ डॉलर.

गंमत अशी की, मेडिकेडला बहुतेक सर्व औषधे देणे बंधनकारक आहे. औषध नाकारण्याची धमकी देऊन भाव पाडण्याची सोय तिच्याकडे फारशी नाही. तिची ताकद कायद्यातून येते. १९९० च्या कायद्याने कंपन्यांवर रिबेट, म्हणजे विक्रीनंतर परत करायची सूट, लादला गेला. आज बहुतेक ब्रँडेड औषधांसाठी तो उत्पादकाच्या सरासरी किमतीच्या किमान २३.१ टक्के असतो आणि महागाईपेक्षा वेगाने भाव वाढवल्यास वरची वाढही परत करावी लागते. समजा, १०० डॉलरला बाजारात आलेले औषध आज २०० डॉलरला आहे आणि महागाई धरून ते १३० असायला हवे होते. मूळ रिबेट ४६.२० आणि वरचे ७० मिळून ११६.२० डॉलर परत येतात आणि मेडिकेडला ते औषध ८३.८० डॉलरला, म्हणजे पहिल्या दिवसाच्या बाजारभावापेक्षाही स्वस्त पडते. हे गणित एकदा स्वतः कागदावर मांडून पाहावे, असे मी प्रत्येक नवोदिताला सांगतो.

माजी सैनिकांच्या आरोग्यसेवेची तऱ्हा वेगळी. १९९२ च्या कायद्याने तिला कमाल किंमतमर्यादा मिळवून दिली आणि शिवाय तिची स्वतःची राष्ट्रीय औषधसूची असल्याने ती खरोखर घासाघीस करू शकते. पार्ट डीमध्ये मात्र भाव ठरवण्याचे काम खासगी विमा योजनांकडे आहे, आणि २००३ च्या कायद्याने सरकारला त्यात पडण्यास मनाई केली होती. त्या मनाईला पहिली मोठी फट २०२२ च्या कायद्याने पडली.

आता माझी फजिती. पहिल्याच प्रकल्पात दोन योजनांच्या फाइली जोडताना हजारो औषधे जुळेनात. औषधाचा एनडीसी क्रमांक, म्हणजे अमेरिकेतला त्याचा राष्ट्रीय ओळखक्रमांक, सरकारी देयकांत अकरा अंकी असतो, पाकिटावर दहा अंकी. शिवाय एक्सेलने सुरुवातीची शून्ये गिळून टाकली होती. तो स्तंभ मजकूर म्हणून उघडायचा असतो, हे कळायला मला दोन दिवस लागले. ते सुधारल्यावर इन्सुलिन एका योजनेत दहापट महाग दिसू लागले, कारण एका फाइलीत एकक मिलिलिटर होते आणि दुसरीत दहा मिलिलिटरची अख्खी बाटली. तो तक्ता मी वरिष्ठांना पाठवूनही मोकळा झालो होतो.

मात्र एककांपेक्षाही मोठी चूक जाहीर आकडे जसेच्या तसे शेजारी मांडण्याची. मेडिकेडच्या राज्यवार वापराच्या फाइलींत आणि पार्ट डीच्या खर्चाच्या तक्त्यांत दिसते ती औषधाच्या दुकानाला दिलेली, रिबेट वजा न केलेली रक्कम. माजी सैनिकांच्या सेवेची जाहीर दरसूची मात्र करारातल्या खरेदीदराची. औषधागणिक रिबेट गोपनीय असतो, त्यामुळे या जाहीर फाइलींवरून सर्वांत स्वस्त मेडिकेडच महाग भासू शकते. तक्त्याच्या प्रत्येक स्तंभावर ‘ढोबळ’ (रिबेट वजा करण्याआधीची) की ‘निव्वळ’ हे लिहिल्याशिवाय मी आता पुढे जात नाही.

२०२२ च्या त्या कायद्याखाली मेडिकेअरने कंपन्यांशी केलेल्या वाटाघाटींतून ठरलेले पहिल्या दहा औषधांचे दर जानेवारी २०२६ पासून लागू झाले. त्यांतील एलिक्विस या रक्त पातळ करणाऱ्या औषधाचा महिन्याचा दर २३१ डॉलर ठरला. २०२३ चा त्याचा सूचीदर ५२१ डॉलर होता. नव्या प्रशिक्षणार्थींना मी पहिल्या आठवड्यात हेच दोन आकडे देऊन सरकारचे किती वाचले, असे विचारतो. सूचीदरातून विमा योजनांना रिबेट आधीही मिळत होताच. तरी पाच मिनिटांत उत्तर येते, २९०, आणि मी कागद परत करतो.