नागपुरात किरायाचं वन बीएचके: गावातून निघण्याआधीची तयारी

किरायाचं घर पाहायला नागपूरला जायचं ते शक्यतो मे महिन्यात, आणि तेही भर दुपारी. डिसेंबरात दाखवलेलं प्रत्येक घर चांगलंच वाटतं. जून संपता संपता शाळा-कॉलेजं उघडू लागली की वर्धा, यवतमाळ, भंडाऱ्याकडून पोरंपोरी आईबापांसह शहरात उतरतात आणि मग घरमालक म्हणेल तो किराया. त्याआधी गेलात तर भावही करता येतो आणि घर किती तापतं तेही कळतं.

निघण्याआधी कागद घरीच लावून घ्या. आधार आणि पॅनवर नाव एकसारखं हवं. एकीकडे वडिलांचं नाव पूर्ण आणि दुसरीकडे नुसतं अक्षर असेल, तर तालुक्यालाच दुरुस्ती करून टाका. किरायाचा करारनामा आता बहुतेक ऑनलाइन नोंदवतात आणि बोटांचे ठसे आधारशी जुळवतात. वावरात राबलेल्या हातांचे ठसे यंत्र कधी कधी घेतच नाही, म्हणून वडिलांच्या नावाने करार होणार असेल तर आधार केंद्रावर ठसे नव्याने देऊन यावेत. पोरगा अठराचा झाला नसेल तर करार आईच्या किंवा वडिलांच्याच नावाने होईल. सोबत नोकरीचं पत्र किंवा कॉलेजची पावती आणि पासपोर्ट साइज फोटो असू द्या.

पैशाचं गणित आपल्याकडे उलटं बसतं. कापसाचा पैसा दिवाळीनंतर हाती येतो, आणि घर लागतं जूनमध्ये, जेव्हा सगळं बियाणं-खतात गेलेलं असतं. डिपॉझिट, पहिल्या महिन्याचा किराया आणि दलाली असे तीन खर्च एकाच आठवड्यात येतात. ते उन्हाळ्यातच बाजूला काढून ठेवा.

आता मोहल्ला. इथे मी हट्टी आहे: घर आधी पाहू नका, रस्ता आधी चाला. गावात किराणा, पिठाची गिरणी, दवाखाना, सगळं पायी होतं आणि त्याचे कोणी पैसे मोजत नाही. शहरात तेच अंतर पेट्रोलमध्ये मोजावं लागतं. बेसा, बेलतरोडीकडे किराया कमी पडतो खरा, पण गाडी घ्यावी लागली की तिचा हप्ता आणि पेट्रोल किरायात मिळवून पाहा. धरमपेठेत घर महाग, पण गोकुळपेठेचा भाजीबाजार पायी आणि शंकरनगर चौकाचं मेट्रो स्टेशनही पायी. नागपूर मेट्रोच्या दोन्ही मार्गिका सीताबर्डीला मिळतात. मिहानकडे, म्हणजे विमानतळाजवळच्या कंपन्यांच्या वसाहतीकडे, काम असेल तर खापरीची गाडी, हिंगण्याकडे असेल तर लोकमान्यनगरची. म्हणजे कामाचं ठिकाण दूर असलं तरी चालेल, स्टेशन घरापासून दहा-पंधरा मिनिटांवर हवं. ते अंतर दलालाच्या गाडीवर बसून मोजू नका. एकदा दुपारी एक वाजता चाला, सावली कुठे आहे बघा. एकदा रात्री नऊला चाला, दिवे लागतात का आणि कुत्री किती आहेत ते बघा. पोरगी राहणार असेल तर रात्रीची ही चक्कर तिलाच मारू द्या, तुम्ही थोडं मागून चाला.

महाल, इतवारीकडे सगळं हाताशी असतं, पण गल्ल्या अरुंद आणि घरं जुनी. मला स्वतःला ते आवडतं. तिथे शेजारी विचारपूस करतात, कधी कधी जास्तच.

नाग नदीच्या काठची किंवा अंबाझरी तलावाच्या खालच्या बाजूची तळमजल्याची घरं घेताना शेजाऱ्यांना एकच विचारायचं: २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे पाणी कुठपर्यंत आलं होतं? घरमालकाने भिंत नव्याने रंगवली असली तरी समोरचा दुकानदार हात करून दाखवतो.

घरात शिरल्यावर हॉलच्या टाइल्स पाहण्यात वेळ घालवू नका. गच्चीखालचा मजला असेल तर स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्री ती आग खोलीत सोडतो. चार वाजता पश्चिमेच्या भिंतीला हात लावा, तिथेच उत्तर मिळेल. कूलर कुठे बसेल हे बघा, आणि त्याची हवा बाहेर जायला समोर दुसरी खिडकी आहे का तेही. एकाच बाजूला खिडक्या असलेल्या खोलीत कूलर नुसती ओल करतो, गारवा देत नाही. सोसायटी बाहेर स्टँड लावू देते का, हे आधीच विचारा. नवतप्यात, म्हणजे मे अखेरच्या त्या नऊ कडक दिवसांत, भांडण नको. कूलर दिवसाला भरपूर पाणी पितो, म्हणून नळ किती वाजता येतो, टाकी किती घरांत वाटली जाते आणि बोअर उन्हाळ्यात आटते का, हे वॉचमनला विचारा. घरमालकाच्या उत्तरापेक्षा ते खरं निघतं.

विजेचं मीटर स्वतंत्र हवं. महावितरणचा घरगुती दर टप्प्यांनी चढतो. १०० युनिटपर्यंत वेगळा, त्यापुढे ३०० पर्यंत बराच जास्त. दोन घरांचं मीटर एकच असेल तर दोघांचं युनिट मिळून वरच्या टप्प्यात जातं आणि कमी वापरणारा भरडला जातो. बिलावरचा बारा आकडी ग्राहक क्रमांक घेऊन मागची थकबाकी पाहून घ्या.

पाहुण्यांचं मात्र मोकळेपणी बोला, राजेहो. शहरात तुमचं घर झालं की मेडिकल, मेयो या सरकारी दवाखान्यांत किंवा धंतोलीच्या खाजगी दवाखान्यात येणाऱ्या अर्ध्या गावाचा मुक्काम तिथेच पडतो. काकाचं ऑपरेशन, मामीची तपासणी. पाहुणे किती दिवस चालतील, हे घरमालकाला किल्ली घेण्याआधी विचारा. मटणाचंही तेव्हाच विचारा. आडनाव ऐकून ज्याचा आवाज बदलतो, त्याचं घर कितीही स्वस्त असलं तरी सोडून द्या.

करार तोंडी ठेवू नका. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे तो लेखी आणि नोंदणीकृतच हवा, आणि नोंदवण्याची जबाबदारी घरमालकाची आहे. महापालिका हद्दीत नोंदणी फी १००० रुपये, मुद्रांक शुल्क वेगळं. हा खर्च कोणी करायचा ते ठरवून घ्या. नोटिशीची मुदत, डिपॉझिट किती दिवसांत परत आणि रंगकामाचे पैसे कापणार की नाही, या तीन ओळी करारात असल्याशिवाय सही करू नका. किरायाची पावती मागणं हा तुमचा हक्क आहे. पोलिसांकडची किरायदार नोंद घरमालकाने केली का, तेही विचारा.

किल्ली मिळाली की मीटरचं रीडिंग, भिंतींची ओल, फुटका नळ, सगळ्याचे फोटो काढून त्याच दिवशी घरमालकाला व्हॉट्सअ‍ॅपवर टाका आणि दाराचं कुलूप बदला. गॅसची जोडणी होईपर्यंत पाच किलोचा छोटा सिलिंडर चालतो. ज्वारी-तुरीचं पोतं मात्र पहिल्याच फेरीत नेऊ नका. लिफ्ट आहे की नाही, ते बघून मग न्या.