वर्गांचे कोड टाकण्याआधी

वेळापत्रकाच्या सॉफ्टवेअरला हात लावण्याआधी एक्सेल उघडा, कोडचा अख्खा स्तंभ निवडा आणि त्याचा फॉरमॅट ‘टेक्स्ट’ करा. आधी फॉरमॅट, मग टायपिंग. गेल्या वेळी नेमकं हेच राहिलं. पाचवीची पहिली तुकडी म्हणून ५-१ लिहिलं, की मशीनच्या सेटिंगप्रमाणे त्याची ५ जानेवारी होते नाहीतर १ मे. मागाहून टेक्स्ट केलं तर तारखेच्या जागी एक पाच आकडी संख्या उभी राहते. मूळ कोड गेला तो गेलाच.

कोड इंग्रजी अक्षर-आकड्यांतच ठेवा (इथे वाचायला सोपं म्हणून देवनागरीत लिहितोय). देवनागरीत अ, ब, क, ड अशा तुकड्या टाकल्या तर संगणक त्या वर्णमालेप्रमाणे अ, क, ड, ब अशा लावतो, आणि मग प्रत्येक छापील यादीत ‘ब’ कुठे गेली म्हणून लोक विचारत बसतात.

इयत्ता कायम दोन आकडी: ०१, ०२, १०. नाहीतर क्रम १, १०, २ असा लागतो. आणि हो, स्तंभ टेक्स्ट नसेल तर पुढचं शून्य एक्सेल गुपचूप खातं. म्हणून पुन्हा सांगतो, आधी टेक्स्ट.

कोडात इयत्ता, तुकडी आणि लागलीच तर बॅच. वर्गशिक्षकाचं नाव नको, खोलीचा नंबर नको. दोन्ही वर्षाच्या मध्येच बदलतात आणि कोड मात्र प्रत्येक तासिकेला चिकटलेला असतो. स्वल्पविराम नको, सीएसव्ही फाइलमध्ये (रकाने स्वल्पविरामाने वेगळे करणारी साधी मजकूर फाइल) त्याने रकाने सरकतात. तिरपी रेघ नको, तीही तारीखच होते. शेवटी चुकून पडलेली स्पेस डोळ्यांना दिसत नाही, पण सॉफ्टवेअरच्या लेखी तो दुसराच वर्ग असतो. शेजारच्या रकान्यात अक्षरं मोजणारा लेन (LEN) फॉर्म्युला लावा, बॅच नसलेल्या कोडला तीनच्या जागी चार आले की सापडली. ओ आणि आय ही अक्षरं तुकडीला देऊ नका, शून्य आणि एकात मिसळतात.

ई तुकडी असेल तर जास्तच जपा. आठवी ई, बॅच दोन म्हणजे ०८ई२. एक्सेल याला आठ गुणिले दहाचा वर्ग समजतं आणि आत ८०० साठवतं. टेक्स्ट केलेल्या स्तंभात हे होत नाही. बाकीच्या तुकड्या शाबूत दिसतात, त्यामुळे एवढी एकच बिघडलेली लवकर लक्षातही येत नाही.

ऐच्छिक विषयाला तीन तुकड्यांची मुलं एकत्र बसत असतील तर त्या गटाला कुठल्याही एका तुकडीचा कोड देऊ नका, स्वतंत्र द्या. एफईटी (FET) या वेळापत्रकाच्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये तर इयत्तेला दिलेलं नाव गटाला चालतच नाही.

हजेरी आणि निकालाच्या सॉफ्टवेअरमध्येही हेच कोड, अक्षरन् अक्षर. लांबी आखूड, तक्त्याच्या चौकोनात मावेल एवढी. कॅपिटल-स्मॉलची सरमिसळ नको. आधी दोनच वर्ग आयात करून बघा. बॅकअप घ्या.

आणि तयार सीएसव्ही ‘फक्त एकदा बघायला’ डबल क्लिक करून उघडू नका. टेक्स्ट फॉरमॅट त्या फाइलमध्ये साठवलाच जात नाही. उघडून सेव्ह केलीत की तारखा पुन्हा हजर. बघायचीच असेल तर डेटा मेनूतून आयात करा आणि तिथेही कोडचा स्तंभ टेक्स्ट निवडा.