मॉड टाकलेलं स्कायरिम लुकलुकतंय? ड्रायव्हर नंतर, आधी हे बघा

'स्कायरिम स्पेशल एडिशन' या गेममध्ये मॉड (खेळाडूंनी बनवलेल्या जोडण्या) टाकले आणि स्क्रीन लुकलुकायला लागली, की ठरलेला सल्ला मिळतो: ग्राफिक्स ड्रायव्हर पुन्हा टाका, नाहीतर सरळ विंडोज फॉरमॅट करा. असलं काही करू नका. मॉड नसलेला गेम त्याच मशीनवर नीट चालत असेल, तर गडबड मॉडमध्येच शोधायची. आणि शोधण्याआधी नेमकं काय लुकलुकतंय ते ठरवायचं: अख्खी स्क्रीन, घरातले दिवे, पायाजवळची एखादी वस्तू, की लांबचे डोंगर आणि भिंती? चारही दुखणी वेगळी आहेत. एकाचं औषध दुसऱ्याला लागू पडत नाही.

अख्खी स्क्रीन लुकलुकत असेल तर ईएनबी, म्हणजे चित्र सजवणारा ग्राफिक्स मॉड, बंद करून बघा (शिफ्ट आणि एफ१२). तरी थांबलं नाही तर गेमवर चढणारे सगळे ओव्हरले (दुसऱ्या प्रोग्रॅमच्या खिडक्या आणि आकडे) बंद करा. मग जी-सिंक किंवा फ्रीसिंक (मॉनिटरचा वेग गेमच्या फ्रेमरेटशी जुळवणारी सोय) बंद करून बघा. लोडिंग स्क्रीनवर फ्रेमरेट वरखाली होतो तेव्हा काही मॉनिटरचा उजेडच हलतो.

घरातले दिवे लुकलुकत असतील तर बहुतेक वेळा दोन लाइटिंग मॉड एकमेकांवर चढलेले असतात. या इंजिनात सावली पाडणारे दिवे एका वेळी चारच चालतात. पाचवा आला की तुम्ही मान वळवाल तसा कुठला तरी एक विझतो. घरांसाठी एकच लाइटिंग मॉड ठेवा आणि त्याचे पॅच (इतर मॉडशी जुळवून घेणाऱ्या छोट्या फाइली) टाका.

जवळची वस्तू लुकलुकत असेल तर कन्सोल (गेममधली आज्ञा लिहायची खिडकी) उघडून तिच्यावर क्लिक करा. आयडीचे पहिले दोन आकडे म्हणजे ती वस्तू मुळात ज्या प्लगइनने (मॉडच्या फाइलने) ठेवली त्याचा लोड ऑर्डरमधला, म्हणजे फाइली लोड होण्याच्या रांगेतला क्रमांक. एफई दिसलं तर ते हलकं, म्हणजे 'लाइट' प्लगइन, मग पुढचे तीन आकडेही बघा. 'डिसेबल' लिहा. खाली तशीच दुसरी वस्तू दिसली तर दोन मॉडनी एकाच जागी सामान मांडलंय. हे करून झाल्यावर सेव्ह मात्र करू नका.

आता लांबचं लुकलुकणं. खरा छळ इथे आहे. मी यात आठवडेच्या आठवडे घालवलेत, म्हणून सविस्तर सांगतो.

तुमच्याभोवतीचे ५ × ५ सेल (नकाशाचे चौकोनी तुकडे) गेम पूर्ण तपशिलात दाखवतो. त्यापलीकडे असतं एलओडी, म्हणजे लांबून खपून जाणारी साधी प्रतिकृती. २०१६ साली स्पेशल एडिशन आली तेव्हा यात एक भर पडली: मोठे खडक, तटबंद्या, इमारती अशा वस्तूंची खरी मॉडेलं आणखी लांबपर्यंत, अल्ट्रा सेटिंगला ११ × ११ सेलपर्यंत, दिसू लागली. यांना लार्ज रेफरन्स म्हणतात. खरं मॉडेल आलं की त्याची प्रतिकृती लपायला हवी. पण मास्टरचा फ्लॅग (रांगेत आधी लोड होणाऱ्या मूळ फाइलींची खूण) नसलेल्या एखाद्या प्लगइनने त्यातल्या एका वस्तूला नुसता हात लावला, तरी हे लपणं बिघडतं. मग दोन्ही एकाच जागी काढली जातात, पुढे कोण आणि मागे कोण हे ग्राफिक्स कार्डाला ठरवता येत नाही, आणि तुम्ही चालाल तशी भिंत लपलपत राहते.

यावर हमखास मिळणारा सल्ला म्हणजे निअर डिस्टन्स (डोळ्यापासून किती अंतरापुढे चित्र काढायचं तो आकडा) १५ वरून २५ करा. मीही केलं. दूरचे डोंगर थोडे शांत झाले आणि मला वाटलं, सुटलो. तटबंदी तशीच लपलपत होती, वर भिंतीला खेटून उभं राहिलं की भिंतच कापली जाऊन आरपार दिसायला लागलं. फार दूरच्या डोंगरांच्या थरथरीसाठी तो उपाय खरा आहे. या दुखण्यासाठी नाही.

त्याऐवजी ही चाचणी घ्या. गेममधल्या व्हाइटरन शहराच्या पश्चिमेला टेहळणी बुरूज आहे, तिथे शहराकडे तोंड करून सेव्ह करा. गेम बंद करा. 'स्कायरिमप्रेफ्स' नावाच्या आयएनआय (सेटिंगच्या) फाइलमध्ये 'जनरल' हा विभाग आहे. त्यात लार्ज रेफ एलओडी ग्रिड साइज ही ओळ शोधा (अक्षरं सलग जोडलेली, सुरुवातीला यू) आणि आकडा ५ करा. पुन्हा तिथेच लोड करा. लपलपणं थांबलं असेल तर चोर सापडला.

इथे एक खड्डा आहे. मॉड ऑर्गनायझर २ (मॉड सांभाळणारा प्रोग्रॅम) प्रत्येक प्रोफाइलसाठी स्वतःची आयएनआय ठेवू शकतो. तसं असेल तर डॉक्युमेंट्समधल्या फाइलला गेम विचारतच नाही. मी एक अख्खी संध्याकाळ चुकीची फाइल बदलत बसलो होतो आणि 'चाचणी फसली' म्हणून खरं कारणच यादीतून खोडलं होतं. फाइल मॉड ऑर्गनायझरच्या आतूनच उघडा.

कार्ड बेताचं असेल तर आकडा ५ वरच राहू द्या. प्रतिकृती थोडी जवळून दिसायला लागेल, पण चित्र स्थिर राहील. माझ्या मते लपलपणाऱ्या सुंदर भिंतीपेक्षा स्थिर साधी भिंत केव्हाही बरी.

लांबचा तपशीलही हवा असेल तर डिनडॉलॉड ३ (एलओडी बनवणारा प्रोग्रॅम) वापरा, त्याचं डीएलएल एनजी आणि स्क्रिप्ट्स घ्या, आणि एलओडी बनवताना लार्ज रेफरन्स बगवरच्या उपायाचा पर्याय निवडा. लॉगमध्ये 'ओव्हररिटन लार्ज रेफरन्स' शोधलंत तर कुठल्या प्लगइनने काय हलवलं तेही कळेल. दिसेल त्या प्लगइनला मास्टरचा फ्लॅग लावत सुटू नका. फ्लॅग लागला की प्लगइन उडी मारून मास्टरांच्या रांगेत वर जातं, आणि त्याच्यावर बेतलेला पॅचांचा क्रम कोलमडतो.

एलओडी सगळ्यात शेवटी, लोड ऑर्डर पक्की झाल्यावरच बनवा. नंतर खडक किंवा इमारती हलवणारा एकही मॉड टाकला किंवा काढला तर ते पुन्हा बनवावं लागतं. जुन्या आउटपुटवर नवं टाकू नका, जुनं आधी काढा. काढलेल्या घराची प्रतिकृती माळावर भुतासारखी उभी राहिलेली मी पाहिली आहे.

एवढं करूनही कारण सापडलं नाही तर अर्धे मॉड बंद करा, मग उरलेल्यांतले अर्धे, असं करत या. एखादा मॉड दुसऱ्यावर अवलंबून असेल तर दोघांना एकाच गटात ठेवा. पण ही छाटणी चालू सेव्हवर कधीही करू नका. मधेच काढलेल्या मॉडच्या स्क्रिप्ट सेव्हमध्ये अडकून राहतात आणि ऐंशी तासांचा खेळ वाया जाऊ शकतो. मुख्य मेनूतूनच कन्सोल उघडा, 'सीओसी रिव्हरवुड' ही आज्ञा इंग्रजी अक्षरांत लिहा, म्हणजे कुठलाही सेव्ह न उघडता थेट गावात पोचाल. तिथून रस्त्याने उत्तरेला चालत सुटलात की काही मिनिटांत व्हाइटरनचा माळ समोर येतो.