जांभळाचं बी वाळवू नका, उंबराचं पुरू नका: देशी रोपं करताना या चुका टाळा

"बी टाकलं, पण उगवलंच नाही." पावसाळ्याच्या तोंडावर ही तक्रार हमखास येते. बी खराब असतंच असं नाही. सगळ्या बियांना एकच माप लावलेलं असतं, तिथं घोळ होतो.

उंबराचं किंवा वडाचं बी जेमतेम मिलिमीटरभर. त्यात शिदोरी नाहीच म्हणा, रुजायला उजेड हवा. बोटभर खोल पुरलं की संपलं. चाळलेल्या मातीवर नुसतं भुरभुरावं आणि ट्रे खालून भिजवावा; झारीच्या धारेनं बी वाहून जातं. मोठ्या बियांवर त्यांच्या जाडीच्या दीड-दोन पट माती पुरे.

जांभळाचं बी वाळवून डबीत ठेवलं की मेलंच. गर धुऊन पंधरवड्याच्या आत लावा. एकाच बीतून दोन-तीन कोंब आले तर जोमदार तेवढा ठेवा. कडुनिंबालाही घाई लागते. बाहवा मात्र कडक कवचात खूप टिकतो. कवच घासल्याशिवाय पाणी आत शिरत नाही.

सगळ्यात महागात पडते ती उंचीवरून केलेली निवड. पहिल्या महिन्यात फणसाचं रोप बीतल्या साठ्यावर तरारतं, शेजारचं उंबर दिसतही नाही. म्हणून उंबर फेकू नका. भरपूर ऊन मिळालं की बारीक बियांची रोपं भराभर अंतर कापतात. सावलीत मात्र मोठ्या बीचीच रोपं तग धरतात. घाटातल्या दाट रानातलं रानजायफळ सावलीत वाढवा, खैर-साग उन्हात. खैराचं रोप लांबुडकं, फिकट झालं असेल तर खत ओतू नका, शेडनेट काढा. तेही हळूहळू, नाहीतर पानं करपतात.

खानदेश-मराठवाड्याच्या कोरड्या रानातलं अंजनाचं झाड सुरुवातीला वर फारसं वाढत नाही, कारण आधी सोटमूळ खोल जातं. छोट्या पिशवीत ते तळाशी वेटोळं घालतं आणि असं रोप पुढे कोरड्या जमिनीत टिकणं कठीण. उंच, अरुंद पिशवी घ्या. जागेवरच बी टोकलं तर माझ्या मते उत्तम.

आणि लावलेल्या सागाचा किंवा पळसाचा शेंडा उन्हाळ्यात वाळला म्हणून उपटू नका. ही झाडं लहानपणी वरून वाळतात आणि मुळाशी जीव धरतात. निदान जुलैपर्यंत वाट बघा, बुंध्याशी फुटवा येतो का ते पाहा, मगच खड्डा रिकामा समजा.