संस्थेची नोंदणी, घटना आणि बदल अर्ज

महाराष्ट्रात सेवाभावी संस्था काढायची तर बहुतेकांना दोन नोंदण्या कराव्या लागतात. पहिली संस्था नोंदणी अधिनियम 1860 खाली, तिला किमान 7 सभासद लागतात. दुसरी महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम 1950 खाली. दोन्हींचे काम धर्मादाय आयुक्तांच्या यंत्रणेकडेच, म्हणजे जिल्ह्याच्या कार्यालयात चालते. दुसऱ्या नोंदणीनंतर संस्थेला ‘एफ’ने सुरू होणारा क्रमांक मिळतो. नुसत्या न्यासपत्रावर (ट्रस्ट डीडवर) केलेल्या धर्मादाय ट्रस्टचा क्रमांक ‘ई’ने सुरू होतो.

अर्जासोबत विधानपत्र म्हणजे संस्थेचे उद्देश सांगणारा कागद, नियमावली म्हणजे घटना, सभासदांची ओळखपत्रे, पत्रव्यवहाराचा अधिकार कोणाला दिला त्याचा ठराव आणि कार्यालयाच्या जागेबद्दल मालकाचे नाहरकत पत्र लागते. हे सगळे चार दिवसांत जमते. वेळ द्यायचा तो घटनेला. दुसऱ्या संस्थेची घटना आणून फक्त नाव बदलायचे, ही सवय फार महागात पडते, कारण पुढची प्रत्येक निवडणूक आणि प्रत्येक राजीनामा त्या कागदाशी ताडून पाहिला जातो.

घटनेत हे स्पष्ट लिहा: कार्यकारिणी किती जणांची, मुदत किती वर्षांची, मुदत संपली आणि निवडणूक लांबली तर काम कोण पाहणार, सभेची नोटीस किती दिवस आधी आणि कोणत्या मार्गाने, गणपूर्ती (कोरम) किती, गणपूर्तीअभावी तहकूब झालेली सभा कधी घ्यायची, वर्गणी थकली तर सभासदत्व कधी जाते. ‘पुरेशी सूचना देऊन’ असे मोघम लिहू नका. ‘पूर्ण 15 दिवस’ लिहिलेत, तर तेवढे पाळावे लागतील. 10 तारखेला नोटीस काढून 24 तारखेला सभा घेतली, तर मधले पूर्ण दिवस 13च भरतात. हरलेल्या गटाला हरकत घ्यायला एवढे पुरते.

आता बदल अर्ज. धर्मादाय कार्यालयाच्या नोंदवहीचा तुमचा उतारा म्हणजे परिशिष्ट 1. त्यावर विश्वस्तांची म्हणजे संस्थेत कार्यकारिणीची नावे, पत्ता आणि मिळकत असते. यातले काहीही बदलले की 90 दिवसांच्या आत 1950च्या अधिनियमाच्या कलम 22 खाली परिशिष्ट 3 या नमुन्यात बदल कळवायचा. 2 मेच्या सभेत नवी कार्यकारिणी निवडली, तर 31 जुलै हा शेवटचा दिवस. निवडणूक झाली, हार घातले, बँकेत सह्या बदलल्या आणि अर्ज राहून गेला, असे सर्रास होते. मग पाच वर्षांनी मोठी देणगी किंवा सरकारी अनुदान येऊ घातले की समोरचा परिशिष्ट 1 मागतो, आणि त्यावर नावे असतात ती कधीच पायउतार झालेल्यांची, एखादवेळी हयात नसलेल्यांचीही.

अर्जाला नोटीस, ती पोहोचल्याचा पुरावा, हजेरी, सभेचे इतिवृत्त, नव्यांची संमतीपत्रे आणि जुन्यांचे राजीनामे किंवा मृत्यूचे दाखले जोडावे लागतात. म्हणून प्रोसीडिंग बुक म्हणजे इतिवृत्ताची वही बांधीव आणि पानांवर क्रमांक घातलेले ठेवा. सुट्या कागदांवर छापून चिकटवलेले इतिवृत्त संशय ओढवून घेते. सह्या सभेतच घ्या. ठराव आणि सह्या यांच्यात मोकळी जागा सोडू नका, राहिलीच तर तिरकी रेघ मारा. सूचक आणि अनुमोदक यांची पूर्ण नावे लिहा. नोटीस व्हॉट्सअॅपवर टाकायला हरकत नाही, पण घटनेत तो मार्ग लिहिलेला नसेल तर रजिस्टरवर सही घेणे किंवा टपालाची पावती जपणे हाच भक्कम पुरावा.

हिशेब 31 मार्चला बंद करायचे. लेखापरीक्षण करून ताळेबंद परिशिष्ट 8 मध्ये आणि उत्पन्न-खर्च पत्रक परिशिष्ट 9 मध्ये 30 सप्टेंबरपर्यंत सादर करायचे. प्राप्तिकराची सवलत आणि देणगीदारांना मिळणारी वजावट यांसाठी प्राप्तिकर खात्याकडे वेगळा अर्ज लागतो, धर्मादाय नोंदणीने ती आपोआप मिळत नाही. परदेशातून एक रुपयाही घ्यायचा, तर परदेशी देणग्यांच्या कायद्याखाली केंद्राची (एफसीआरए) परवानगी किंवा नोंदणी आधी, पैसे नंतर.

संस्थेची जमीन किंवा इमारत विकायची असेल, तर त्याच अधिनियमाच्या कलम 36 खाली धर्मादाय आयुक्तांची आगाऊ परवानगी लागते. बिगरशेती जागा 3 वर्षांहून अधिक काळ भाड्याने द्यायलाही तीच लागते. सर्व विश्वस्तांनी एकमताने ठराव केला तरी या परवानगीतून सुटका नाही.

बदल अर्ज आधीच थकले असतील, तर फक्त ताज्या निवडणुकीचा अर्ज देऊन भागत नाही. आधीच्या कार्यकारिणीची नोंदच नसेल, तर तिने बोलावलेल्या सभेवर प्रश्न उभा राहतो. परिशिष्ट 1ची ताजी नक्कल काढा, त्यावरच्या शेवटच्या मंजूर नोंदीपासून सुरुवात करा आणि प्रत्येक निवडणुकीसाठी वेगळा अर्ज क्रमाने तयार करा. प्रत्येकासोबत विलंब माफीचा अर्ज जोडा आणि उशिराचे खरे कारण तारखांसह लिहा. जुन्या वर्षांची इतिवृत्ते आज बसून लिहू नका. शाई आणि सह्या लपत नाहीत, आणि बनावट कागद सापडला की खरे कागदही संशयात येतात. जे सापडत नाही, ते सापडत नाही असे प्रतिज्ञापत्रावर सांगा आणि हयात असलेल्या जुन्या पदाधिकाऱ्यांची प्रतिज्ञापत्रे जोडा.