साइटवर सुपरवायझर नेमताना या चुका टाळा

मुंबईत रीडेव्हलपमेंट इतकं जोरात चाललंय की गल्लोगल्ली खड्डे आणि क्रेन दिसतात, पण सुपरवायझर नेमायची पद्धत अजून तीच, सगळ्यात जुना सेंट्रिंगवाला (स्लॅबचा साचा बांधणारा) नाहीतर मुकादमाचा भाचा, दिलं त्याला हेल्मेट की झाला सुपरवायझर. अरे, काम येणं वेगळं आणि ते अंगावर कुठून येईल हे आधी दिसणं वेगळं.

अमेरिकेतल्या ओशाच्या (कामाच्या जागेची सुरक्षा बघणारी सरकारी संस्था) नियमांत 'कॉम्पिटंट पर्सन' कोणाला म्हणायचं ते ठरलेलं आहे, धोका ओळखता यायला हवा आणि तो लगेच दूर करायचा अधिकारही हवा. आपल्याकडे गाडी अडते ती या अधिकारावर. प्रॉप, म्हणजे स्लॅबच्या साच्याखालचा टेकू, वाकलाय हे सुपरवायझरला दिसतं, तो इंजिनिअरला फोन लावतो, तिकडून उत्तर येतं आरएमसीची (तयार काँक्रीटची) गाडी निघालीये, स्लॅब आजच भरायचाय. संपलं! काम थांबवायचा अधिकार लेखी द्या, आणि थांबवलं म्हणून पगार कापू नका.

खोदकामात तर फारच ढिलाई. १.५ मीटरपेक्षा खोल चराला शोरिंग (माती ढासळू नये म्हणून बाजूंना आधार) लागतं, काढलेली माती काठापासून किमान १.५ मीटर किंवा खोलीच्या निम्म्या अंतरावर, जे जास्त असेल तितकी लांब ठेवायची. पण इथे जागाच नाही, डंपर रात्री येणार म्हणून ढीग काठावरच. रोज काम सुरू व्हायच्या आधी आणि जोराचा पाऊस पडून गेल्यावर कोणालाही खाली उतरवण्याआधी सुपरवायझरने स्वतः बघायचं, काठाला समांतर भेग गेलीये का, तळाला पाणी झिरपतंय का, शेजारच्या सोसायटीची कंपाउंड वॉल कललीये का.

हार्नेस (अंगाला बांधायचा सेफ्टी पट्टा) घातला म्हणजे सेफ्टी झाली, हा आणखी एक गैरसमज. हुक पायाजवळच्या पाइपला लावला तर काय उपयोग? लॅनयार्ड, म्हणजे हार्नेसपासून हुकापर्यंतची दोरी, १.८ मीटरची, ॲब्सॉर्बर (झटका शोषणारा भाग) उघडला की आणखी मीटरभर, त्यात माणसाची उंची, म्हणजे पहिल्या मजल्यावरून पडला तर हार्नेससकट जमिनीवर. हुक डोक्याच्या वर, मजबूत जागीच हवा.

टूलबॉक्स टॉकच्या (कामाआधी सेफ्टीवर होणाऱ्या छोट्या बोलण्याच्या) रजिस्टरवर सगळ्या सह्या एकाच पेनाने एकाच हाताच्या दिसल्या तर समजून जा. गँग मालदा-झारखंडची आणि भाषण मराठीत, पोरं माना डोलावतात. त्यापेक्षा एकाला पुढे बोलवून हिंदीत विचारा, हुक कुठे लावणार ते दाखव, आणि नीट दाखवेपर्यंत त्याला परांचीवर चढवू नका.